एका जिवाचा हिशोब: युद्धपटांच्या आधारे नैतिक निवडीचा अभ्यास



या लेखात आपण एका प्रश्नावर चिंतन करणार आहोत. एका माणसाला वाचवण्यासाठी आठ जणांचे जीव धोक्यात घालावेत का? बेरीज-वजाबाकीने पाहिले तर उत्तर लगेच मिळते, कारण आठ हे एकापेक्षा जास्त आहेत. तरीही मन त्या उत्तरापाशी थांबत नाही. ते का थांबत नाही, हे समजून घेणे हाच आजच्या स्वाध्यायाचा विषय आहे.

यासाठी आपण युद्धपटांचा आधार घेणार आहोत. आपल्या रोजच्या जीवनात नैतिक निवडी इतक्या हळूहळू होतात की आपण काही निवडले हेच अनेकदा लक्षात येत नाही. परिणाम दिसेपर्यंत वर्षे निघून जातात. रणांगणावर तीच निवड काही क्षणांत करावी लागते आणि तिची किंमत लगेच समोर येते. म्हणून चांगला युद्धपट हा विवेकाचा अभ्यास करण्यासाठी उपयोगी ठरू शकतो.

एक सूचना आधीच करावीशी वाटते. पुढे ज्या दोन इंग्रजी चित्रपटांचा विस्ताराने उल्लेख येतो, त्यांत रक्तपाताची दृश्ये फार आहेत. ते लहान मुलांसोबत पाहू नयेत. आपण ते पाहिले नसतील तरी हरकत नाही, आवश्यक तेवढी कथा येथे दिली आहे.

१. एका आईसाठी घेतलेला निर्णय

दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ हा चित्रपट १९९८ साली आला. कथा दुसऱ्या महायुद्धातील आहे. ६ जून १९४४ रोजी मित्रराष्ट्रांचे सैन्य फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरते. पहिल्याच दिवशी हजारो सैनिक पडतात.

इकडे अमेरिकेत, युद्ध खात्याच्या कार्यालयात कितीतरी टंकलेखिका रांगेने बसून मृत सैनिकांच्या घरी जाणारी पत्रे टाइप करत आहेत. त्यांतील एकीच्या लक्षात येते की तीन वेगवेगळी पत्रे एकाच घरी जाणार आहेत. रायन नावाच्या आईचे चारपैकी तीन मुलगे मरण पावले आहेत आणि तिन्ही बातम्या तिला एकाच दिवशी मिळणार आहेत. पुढच्या दृश्यात ती आई सरकारी मोटार घराकडे येताना पाहते. ती दारात येते आणि काही न बोलता ओसरीवरच खाली बसते. तिचा चेहराही आपल्याला नीट दिसत नाही.

चौथा मुलगा, जेम्स रायन, शत्रूच्या प्रदेशात कुठेतरी हरवलेला आहे. एक अधिकारी सेनाप्रमुख जनरल मार्शल यांना सांगतो की त्याला शोधायला तुकडी पाठवली तर तीही परत येणार नाही. अधिकारी निर्दयी नाही आणि त्याचे म्हणणे चुकीचेही नाही. मार्शल मात्र अब्राहम लिंकन यांनी १८६४ मध्ये एका पुत्रवियोगी आईला लिहिलेले पत्र वाचून दाखवतात आणि रायनला घरी आणण्याची आज्ञा देतात. कॅप्टन मिलर आणि त्याचे सात साथीदार, असे आठ जण निघतात.

येथे थोडे थांबून विचार करा. आपण मार्शल यांच्या जागी असतो तर काय केले असते? आणि त्या आठ जणांपैकी एखाद्याचे वडील असतो तर?

२. यक्षाचा शेवटचा प्रश्न

हा प्रश्न आपल्याला अपरिचित नाही. महाभारताच्या वनपर्वात तो आला आहे. तहानेने व्याकूळ झालेले चार पांडव तळ्याकाठी निष्प्राण पडले आहेत. युधिष्ठिर यक्षाच्या प्रश्नांची उत्तरे देतो. प्रसन्न झालेला यक्ष म्हणतो की चौघांपैकी एकाला मी जिवंत करीन, कोणाला करू ते सांग.

युधिष्ठिर नकुलाचे नाव घेतो. यक्षाला आश्चर्य वाटते. तुला प्रिय असलेला महाबली भीम समोर आहे, ज्याच्या बाहुबळावर तुमचा सगळा भरवसा तो अर्जुन समोर आहे, मग सावत्र भाऊ का? युधिष्ठिराचे उत्तर सरळ आहे. माझ्या पित्याला कुंती आणि माद्री अशा दोन पत्नी. कुंतीचा एक मुलगा, म्हणजे मी, जिवंत आहे. माद्रीचाही एक मुलगा जिवंत असावा. दोघी माता मला सारख्याच आहेत.

उपयुक्ततेने पाहिले तर युधिष्ठिराने मोठा तोटा ओढवून घेतला. पुढे राज्यासाठी युद्ध करावे लागले तर अर्जुनाशिवाय काय होणार, हे त्याला कळत नव्हते असे नाही. तरी त्याने ‘हा जीव मला किती उपयोगी आहे’ असे विचारले नाही. ‘हा जीव कोणाचा आहे’ असे विचारले. नकुलाकडे पाहताना त्याला माद्री दिसली, तसेच त्या तीन पत्रांकडे पाहताना मार्शल यांना ओसरीवर बसलेली आई दिसली.

यातून आपला पहिला धडा मिळतो. कोणताही जीव एकटा नसतो. तो कोणाचा तरी असतो, आणि त्याचे मोल ठरवताना हे नाते वगळले तर आपले गणितच अपुरे राहते.

पण एक फरकही प्रामाणिकपणे लक्षात घेतला पाहिजे. युधिष्ठिराची निवड पाहून यक्षाने चारही भाऊ जिवंत केले. रायनच्या कथेत असा कोणी यक्ष नाही. तेथे निवडीची किंमत पूर्ण मोजावी लागते.

३. माणूस जेव्हा संख्या होतो

मी वाणिज्य शाखेत शिकतो. आम्हाला पहिल्याच वर्षी एक नियम शिकवला जातो: जे पैशात मोजता येते तेवढेच हिशोबाच्या वहीत लिहायचे. कारखान्यातील यंत्राची किंमत ताळेबंदात दिसते, पण ते यंत्र चालवणाऱ्या कामगाराचा प्रामाणिकपणा त्यात दिसत नाही. याचा अर्थ प्रामाणिकपणाला मोल नाही असा नसतो. वहीची मर्यादा वहीनेच मान्य केलेली असते.

कॅप्टन मिलर अशीच एक वही मनात ठेवतो. एका रात्री पडक्या चर्चमध्ये तो आपल्या सार्जंटला सांगतो की माझ्या हाताखालचे चौऱ्याण्णव जण आतापर्यंत मेले. मग स्वतःची समजूत घालतो की त्यांच्यामुळे दहापट, कदाचित वीसपट लोक वाचले असतील. असा हिशोब केला की पुढची आज्ञा देता येते. पण हे सांगणाऱ्या मिलरचा हात चित्रपटभर थरथरत असतो. वही जुळते, हात मात्र स्थिर राहत नाही. त्यातच या वेळी ज्याच्यासाठी माणसे गमवायची ते उद्दिष्टच एक माणूस आहे, त्यामुळे मिलरचा नेहमीचा हिशोब लागू पडत नाही.

यानंतरचा एक प्रसंग फार महत्त्वाचा आहे. प्रत्येक सैनिकाच्या गळ्यात नाव आणि क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला असतो. सैनिक मेला की तो बिल्ला काढून जमा करतात. रायनचे नाव सापडते का हे पाहण्यासाठी मिलरच्या तुकडीला अशा बिल्ल्यांची एक पिशवीच मिळते. थकलेले जवान पत्ते खेळावे तसे बिल्ले पिसत, वाटत, हसत बसतात. शेजारून त्याच मृतांचे साथीदार रांगेने जात असतात आणि हे पाहत असतात. तुकडीतील वैद्यकीय सेवक वेड याच्या ते लक्षात येते. तो पुढे होऊन सगळे बिल्ले गोळा करून पिशवीत टाकतो.

हे जवान वाईट नाहीत. ते फक्त थकलेले आहेत. माणसाची संख्या होण्यासाठी क्रूरताच लागते असे नाही, थकवा आणि सवय एवढे पुरेसे असते. आपल्या कार्यालयात, रुग्णालयात, अगदी सेवाकार्यातही हे घडू शकते. ‘आज किती जणांना भोजन दिले’ हा आकडा लिहिताना, जेवणाऱ्या एकाही माणसाचा चेहरा आठवत नसेल, तर आपणही बिल्लेच पिसत आहोत.

याच वेडने त्याआधी काय केले ते पाहा. एका लहान मुलीला उचलून घेण्याच्या प्रयत्नात कपार्झो नावाचा त्यांचा साथीदार मारला जातो. त्याच्या खिशात वडिलांना लिहिलेले पत्र असते, पण ते रक्ताने भिजलेले असते. वेड रात्री बसून ते पत्र स्वच्छ कागदावर उतरवून काढतो. लढाईच्या दृष्टीने या कामाचा काही उपयोग नाही. पण मेलेल्या मित्राला पुन्हा कोणाचा तरी मुलगा करण्याचे काम त्या एका कागदाने होते.

४. शत्रूचा जीव

आता सर्वांत कठीण प्रसंग. वाटेत जर्मनांची मशीनगन लागते. तिला वळसा घालून जाणे शक्य असते, पण मागून येणारे आपले सैनिक तिच्या तावडीत सापडतील म्हणून मिलर हल्ला करायचे ठरवतो. त्यात वेड मरतो. एक जर्मन सैनिक जिवंत हाती लागतो. संतापलेले जवान त्याला गोळी घालायला निघतात. तुकडीतील दुभाषी अपहम विनवतो की तो शरण आला आहे, त्याला मारणे अधर्म आहे. मिलर कैद्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला सोडून देतो, कारण कैद्याला बरोबर नेता येत नाही.

यावर तुकडी फुटायची वेळ येते. तेव्हा मिलर प्रथमच सांगतो की मी घरी शाळामास्तर आहे, आणि प्रत्येक माणूस मारताना मी माझ्या घरापासून आणखी दूर जातो असे मला वाटते. कैद्याला सोडण्याचे कारण या वाक्यात आहे. त्याला पत्नीकडे परत जायचे आहे आणि जो परत जाईल तो माणूसच असला पाहिजे.

दया केली की तिचे फळ लगेच गोड मिळते, अशी कथा असती तर ती सोपी झाली असती. येथे तसे होत नाही. तोच सैनिक शेवटच्या लढाईत परत येतो आणि त्याच्याच गोळीने मिलर कोसळतो. ज्या अपहमने त्याच्यासाठी प्राणांची भीक मागितली होती, तोच अपहम त्याने पुन्हा हात वर केल्यावर त्याला गोळी घालतो.

मग मिलरची दया चूक होती का? अनेक प्रेक्षक ‘हो’ म्हणतात. या प्रश्नाकडे दोन भागांत पाहिले पाहिजे. निवड करताना मिलरसमोर काय होते? एक नि:शस्त्र, शरण आलेला, थरथरणारा माणूस. पुढे काय होईल हे त्याला ठाऊक नव्हते आणि कोणालाच नसते. कर्माचा अधिकार आपल्या हाती, फळ आपल्या हाती नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते वचन फळ कडू निघते तेव्हाच कसोटीला लागते. फळ पाहून मागे जाऊन कर्माला वाईट ठरवायचे असेल, तर जगात कोणीही कोणावर दया करणार नाही.

आणि अपहमकडे पाहा. त्याने सूड घेतला, पण त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसत नाही. जो विवेक त्याने इतरांसमोर मांडला होता, तो त्याच्या स्वतःच्या परीक्षेत टिकला नाही. तत्त्व बोलणे आणि तत्त्व पेलणे यांत केवढे अंतर असते, हे तो दाखवतो. त्याचा निवाडा करण्याआधी आपण स्वतःला विचारावे, आपले अंतर किती आहे?

५. ‘आणखी एक’

मिलरच्या हातात बंदूक होती. ज्याने हाती बंदूकच घेतली नाही, अशा सैनिकाची सत्यकथा २०१६ साली आलेल्या ‘हॅकसॉ रिज’ या चित्रपटात आहे. त्याचे नाव डेसमंड डॉस. कोणालाही मारणार नाही, पण देशाच्या संकटात घरीही बसणार नाही, असा त्याचा निश्चय होता. तो वैद्यकीय सेवक म्हणून सैन्यात दाखल झाला. सहकाऱ्यांनी त्याची टिंगल केली, त्याला त्रास दिला, त्याला सैन्यातून काढून टाकण्याचे प्रयत्नही झाले. तो टिकून राहिला.

१९४५ च्या मे महिन्यात जपानच्या ओकिनावा बेटावर एका उंच कड्यावर लढाई झाली. अमेरिकी तुकडीला माघार घ्यावी लागली. जखमी वरच राहिले आणि डॉसही वरच राहिला. त्याने एकेका जखमीला ओढत कड्यापर्यंत आणले आणि दोराने खाली सोडले. चित्रपटात तो दर वेळी एवढीच प्रार्थना करतो की देवा, आणखी एकाला वाचवू दे. तो काही जखमी जपानी सैनिकांनाही खाली सोडतो, असेही चित्रपटात दाखवले आहे.

त्या दिवशी किती जण वाचले? याचे उत्तर विचार करण्यासारखे आहे. सैन्याच्या मते शंभर, डॉसच्या मते पन्नासच्या वर नव्हते. शेवटी मधला आकडा धरून पंचाहत्तर असे नोंदवले गेले. ज्याने त्यांना वाचवले त्याने मोजलेच नव्हते. त्याच्या समोर कधीच पंचाहत्तर जण नव्हते, दर वेळी एकच होता. त्याच वर्षी त्याला अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. तत्त्वासाठी शस्त्र नाकारूनही ते मिळवणारा तो पहिला सैनिक होता.

आपल्या देशातही अशा सेवेवर चित्रपट निघाला आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर त्यांनी उपचार केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला आणि त्यात कोटणीसांची भूमिका स्वतः केली. ज्यांच्यासाठी कोटणीस झिजले ते त्यांच्या देशाचे नव्हते, भाषेचे नव्हते. समोर आलेला जखमी एवढीच त्याची ओळख त्यांना पुरेशी होती.

६. या ऋणाची परतफेड कशी करायची?

रायनच्या कथेकडे परत येऊ. आठांपैकी सहा जण मरतात. रायन सापडतो तेव्हा तो घरी जायला नकार देतो, कारण पुलाचे रक्षण करणाऱ्या साथीदारांना सोडणे त्याला मान्य नाही. म्हणजे ज्याला वाचवायचे त्यालाही स्वतःचा धर्म आहे. मिलर त्याच्यासोबत तेथेच लढायचे ठरवतो आणि मरताना रायनला सांगतो की जे मिळाले त्याला पात्र हो.

त्याआधी मिलर एकदा वैतागून म्हणालेला असतो की या रायनने घरी जाऊन एखाद्या रोगावर औषध शोधले पाहिजे किंवा जास्त टिकणारा दिवा तरी बनवला पाहिजे, तरच एवढी किंमत मोजण्यात अर्थ. चित्रपटाच्या शेवटी म्हातारा रायन मिलरच्या समाधीसमोर उभा आहे. त्याने काही शोध लावल्याचा उल्लेख नाही. मागे पत्नी, मुले आणि नातवंडे उभी आहेत. तो पत्नीला विचारतो की मी चांगला माणूस आहे ना, चांगले जगलो ना?

पत्नीला हा प्रश्न नीट कळतही नाही, ती सहजपणे ‘हो’ म्हणते. पण त्या प्रश्नावरून कळते की या माणसाने रोज आठवण ठेवली आहे. हे ऋण फेडता येण्यासारखे नाही, कारण घेणेकरीच उरलेले नाहीत. अशा ऋणाची परतफेड पुढच्यांना करावी लागते. आपल्या परंपरेत पितृऋण, ऋषिऋण सांगितले आहे ते याच भावनेने. गुरूने दिलेली विद्या आपण शिष्याला देतो, आईवडिलांनी दिलेली माया आपण मुलांना देतो.

रायनची कथा काल्पनिक असली तरी तिच्यामागे नायलँड नावाच्या चार भावांची सत्यकथा आहे. दोन भाऊ नॉर्मंडीत सलग दोन दिवसांत मारले गेले. तिसरा ब्रह्मदेशात बेपत्ता झाला आणि मेला असे समजले गेले. त्यामुळे चौथा, फ्रिट्झ, याला मायदेशी पाठवण्यात आले. पुढे तिसरा भाऊ जपान्यांच्या कैदेतून सुटून जिवंत परतला. ज्याचे नाव मृतांच्या बाजूला लिहिले गेले होते, तो एक दिवस दारात उभा राहिला. कोणाचेही नाव वहीतून खोडताना आपण किती सावध असावे, याची ही आठवण आहे.

७. आपल्या जीवनात आचरण

आपल्यापैकी बहुतेकांना रणांगणावर निवड करावी लागणार नाही. पण ‘एकासाठी एवढे कशाला?’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. वर्गात मागे पडलेल्या एका मुलासाठी, घरात अंथरुणाला खिळलेल्या एका आजीसाठी, कामावरून काढल्या जाणाऱ्या एका माणसासाठी ते म्हटले जाते. पुढच्या वेळी ते ऐकू आले की एक क्षण थांबा आणि मनात विचारा, हा एक कोणाचा आहे?

रस्त्यावर अपघात झाला की गर्दी जमते आणि ‘नसती कटकट’ म्हणून पांगते. पोलीस आणि कोर्टाची भीती त्यामागे असते. ही भीती दूर करण्यासाठी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ घालण्यात आले. सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्याला त्यामुळे संरक्षण मिळते आणि नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. ११२ हा क्रमांक फोनमध्ये ठेवा. त्या क्षणी रस्त्यावर पडलेला माणूस हाच आपला ‘आणखी एक’ असतो.

मननासाठी प्रश्न

१. मार्शल यांना विरोध करणाऱ्या अधिकाऱ्याचे म्हणणे आपल्याला कितपत पटते? त्याच्या म्हणण्यात कोणते सत्य आहे?

२. ज्याच्यावर दया केली त्यानेच पुढे दुखावले, असे आपल्या बाबतीत घडले आहे का? त्यानंतर आपण दया करणे थांबवले का?

३. आपल्यासाठी कोणी काय सोडले आहे, याची यादी करा. त्यांतील कोणते ऋण आपण पुढे देत आहोत?

या आठवड्याचा संकल्प

आपल्या रोजच्या कामात जो माणूस आपल्यासाठी केवळ क्रमांक, खाते किंवा नोंद बनला आहे, असा एक जण निवडा. त्याचे नाव माहीत करून घ्या आणि त्याच्या घरी कोण कोण आहे ते विचारा. एवढे केले की पुढे काय करायचे ते आपल्याला आपोआप सुचेल.